थिन फिल्म की क्रिस्टलाइन? कोटेशनवर सही करण्यापूर्वी दोन्ही पॅनेलची तुलना कशी करायची

सोलर बसवायचं ठरलं की दोन-तीन कोटेशनं घरी येतात. एकात ‘मोनो पर्क’, दुसऱ्यात ‘टॉपकॉन’, तिसऱ्यात ‘थिन फिल्म, उन्हाळ्यात जास्त वीज’. मग घरात वाद सुरू होतो आणि शेवटी ज्याचा विक्रेता जास्त बोलका, त्याचं पॅनेल गच्चीवर चढतं. ही तुलना बहुतेक वेळा चुकते ती क्रम उलटा लागल्यामुळे. लोक आधी तंत्रज्ञान निवडतात, नंतर छत मोजतात आणि सबसिडीची अट तर पैसे भरल्यावर वाचतात. क्रम बरोबर याच्या उलट हवा.

खालचे टप्पे घरगुती गच्ची, सोसायटी किंवा छोट्या शेडसाठी आहेत. सोबत ठेवा: मोजपट्टी, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं, प्रत्येक पॅनेलची आणि इन्व्हर्टरची डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचा तांत्रिक माहितीचा कागद. डेटाशीट द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचं कोटेशन बाजूला काढा. त्याच्याशी घासाघीस करण्यातही वेळ घालवू नका.

टप्पा १: समोरचं पॅनेल नेमकं कोणतं आहे ते ओळखा

क्रिस्टलाइन पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या तारांनी जोडून काचेखाली बसवलेल्या असतात. जवळून पाहिलं की चौकोनी घरं दिसतात. मोनो पर्क, टॉपकॉन, एचजेटी, जुनं निळसर पॉली ही सगळी याच घराण्यातली. थिन फिल्ममध्ये चकत्या नसतात. काचेवर किंवा पत्र्यावर पदार्थाचा काही मायक्रॉनचा थर दिलेला असतो आणि लेझरने त्याच्या अरुंद पट्ट्या पाडलेल्या असतात. त्यामुळे पृष्ठभाग सलग काळा आणि त्यावर समांतर बारीक रेघा दिसतात.

थिन फिल्म हा एकच माल नाही, हे लक्षात ठेवा. त्यात तीन जाती आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे:

- कॅडमियम टेल्युराइड: कार्यक्षमता साधारण १६ ते १९ टक्के. मोठ्या प्रकल्पांत हीच दिसते. फर्स्ट सोलरचा वर्षाला ३.३ गिगावॅट क्षमतेचा कारखाना चेन्नईजवळ पिल्लैपाक्कमला आहे, जानेवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मात्र हा माल मुख्यतः मोठ्या प्रकल्पांकडे जातो. तीन किलोवॅटसाठी किरकोळ दुकानात तो मिळणं कठीण.
- सीआयजीएस: तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचा थर. लवचीक, चिकटवायची पॅनेलं यात मिळतात.
- अमॉर्फस सिलिकॉन: कार्यक्षमता ६ ते ९ टक्के. कॅल्क्युलेटरवर असते ती पट्टी याच जातीची. स्वस्तात मिळाली म्हणून गच्चीवर घेऊ नका.

सावधान: ऑनलाइन ‘फ्लेक्झिबल थिन फिल्म’ म्हणून विकली जाणारी बरीच वाकणारी पॅनेलं प्रत्यक्षात प्लास्टिकमध्ये बसवलेलं साधं क्रिस्टलाइन असतं. चौकोनी घरं दिसली की समजा. असं पॅनेल जास्त वाकवलं तर आतल्या चकत्यांना तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, वीज मात्र कमी होते.

तपासणी: डेटाशीटवर आयईसी ६१२१५ लिहिलेलं असतं, हे पॅनेलच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक. त्याचे पोटभाग वेगळे आहेत: क्रिस्टलाइनला १-१, कॅडमियम टेल्युराइडला १-२, अमॉर्फसला १-३, सीआयजीएसला १-४. विक्रेता तोंडाने काहीही म्हणो, प्रमाणपत्रावरचा पोटभाग खरं सांगतो. सोबत सुरक्षिततेचं आयईसी ६१७३० आहे ना, तेही पाहा.

टप्पा २: सबसिडीची अट आधी वाचा

पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये मिळतात. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत. अट अशी की पॅनेल आणि त्यातले सेल (म्हणजे वीज बनवणाऱ्या त्या चकत्या) दोन्ही देशात बनलेले हवेत. याला बाजारात ‘डीसीआर’ म्हणतात. पॅनेल इथे जोडलं आणि सेल बाहेरून आले, तर ते डीसीआर नव्हे.

म्हणजे ‘परदेशी थिन फिल्म, एकदम भारी’ असं कोटेशन असेल तर त्याच्या किमतीत मनातल्या मनात ७८,००० मिळवा आणि मग पुढे वाचा. बहुतेक घरांचा निर्णय इथेच होतो. सबसिडी घ्यायची असेल तर व्यवहारात निवड मोनो पर्क आणि टॉपकॉन यांच्यातच उरते. पुढचे टप्पे तरीही उपयोगी आहेत, कारण या दोघांची तुलनाही याच पद्धतीने करायची असते.

तपासणी: कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द, पॅनेलचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि उत्पादकाचं नाव लिहून घ्या. ‘५५० वॅट मोनो’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

टप्पा ३: गच्ची मोजा आणि सावली टिपा

कार्यक्षमता विक्रेत्याला विचारू नका, स्वतः काढा. पॅनेलचे वॅट भागिले चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ, त्याला पुन्हा दहाने भागा. २.२७८ मीटर लांब, १.१३४ मीटर रुंद आणि ५५० वॅटचं मोनो पॅनेल घ्या: क्षेत्रफळ २.५८, कार्यक्षमता २१.३ टक्के. २.००९ बाय १.२३२ मीटरचं ४६० वॅटचं कॅडमियम टेल्युराइड: क्षेत्रफळ २.४७, कार्यक्षमता १८.६ टक्के.

तीन किलोवॅटच्या आसपास जायचं तर पहिल्याची ६ पॅनेलं लागतील, साधारण १६७ चौरस फूट. दुसऱ्याची ७, साधारण १८७ चौरस फूट. फरक आहे, पण घाबरण्याएवढा नाही. ८ टक्क्यांच्या अमॉर्फसला मात्र फक्त पॅनेलपुरतीच ४०० चौरस फूट जागा जाते, आणि धुण्यासाठी चालायची वाट वेगळीच. पुण्या-ठाण्यातल्या गच्चीवर, जिथे आधीच टाक्या, डिश अँटेना आणि वाळवणाच्या दोऱ्या आहेत, तिथे हा विषय संपला.

सावलीची नोंद डिसेंबरमध्ये करता आली तर उत्तम. सूर्य तेव्हा दक्षिणेला सर्वांत खाली असतो आणि कठड्याची, टाकीची सावली सर्वांत लांब पडते. मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा डिसेंबरात सकाळी दहापर्यंत अंधारात असू शकते.

इथे दोन्ही जातींचा स्वभाव वेगळा आहे आणि ‘थिन फिल्मला सावलीचा त्रास नाही’ हे वाक्य अर्धवट खरं आहे. थिन फिल्मच्या पट्ट्या पॅनेलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. सावली सगळ्या पट्ट्यांवर थोडी थोडी आडवी पडली, तर जितकी सावली तितकीच घट. पण एखादी पट्टी लांबीभर पूर्ण झाकली गेली, तर सगळ्या पॅनेलचा प्रवाह अडतो. क्रिस्टलाइनमध्ये सेलचे गट असतात आणि त्यांना बायपास डायोड असतात, ते झाकलेला गट वगळून प्रवाह पुढे नेतात. हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या सेलचं) पॅनेल उभं बसवलं असेल तर खालच्या अर्ध्यावर सावली पडली तरी वरचा अर्धा चालू राहतो. थोडक्यात, सावली कोणत्या दिशेने सरकते आणि पॅनेल उभं की आडवं, हे ठरवल्याशिवाय कोणतीच जात ‘सावलीत चांगली’ ठरत नाही. टाकी हलवता येत असेल तर टाकीच हलवा, ते सर्वांत स्वस्त पडतं.

टप्पा ४: उन्हाचा हिशेब स्वतः करा

सर्वांत जास्त फसगत इथे होते. ‘आपल्याकडे ऊन फार, म्हणून थिन फिल्मच घ्या’ हा सल्ला जुन्या पॉली पॅनेलच्या काळातला आहे. तेव्हा त्यात तथ्य होतं. आता पाहू.

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. डेटाशीटमध्ये ‘तापमान गुणांक’ असतो: २५ च्या वर प्रत्येक अंशाला शक्ती किती टक्के घटते. सेलचं तापमान काढायला डेटाशीटवरचा एनओसीटी (नेहमीच्या वापरातलं सेलचं तापमान) हा आकडा घ्या, तो बहुधा ४५ च्या आसपास असतो. त्यातून २० वजा करा, ८०० ने भागा, १,००० ने गुणा. उत्तर साधारण ३१ येतं. म्हणजे भर दुपारच्या पूर्ण उन्हात सेल हवेपेक्षा ३१ अंशांनी जास्त तापतो. चंद्रपुरात मे महिन्यात हवा ४४ असेल तर सेल ७५ अंशांवर. २५ च्या वर बरोबर ५०.

आता ५० ने गुणा:

- जुनं पॉली, गुणांक ०.४१: घट २०.५ टक्के
- मोनो पर्क, ०.३५: घट १७.५ टक्के
- कॅडमियम टेल्युराइड, ०.३२: घट १६ टक्के
- टॉपकॉन, ०.३०: घट १५ टक्के
- एचजेटी, ०.२५: घट १२.५ टक्के

३ किलोवॅटच्या संचात याचा अर्थ असा: त्या क्षणी पर्क २,४७५ वॅट देईल, कॅडमियम टेल्युराइड २,५२० आणि टॉपकॉन २,५५०. थिन फिल्म पर्कच्या पुढे आहे, पण अगदी थोडी, आणि टॉपकॉनच्या मागे. शिवाय हा विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारचा आकडा झाला. वर्षभराचा फरक याहून बराच कमी भरतो. गुणांक प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तेव्हा वरचे आकडे न वापरता तुमच्या डेटाशीटवरचे घाला.

सावधान: पॅनेल पत्र्याला चिकटून बसवलं तर खालून वारा खेळत नाही आणि ३१ चा आकडा कोलमडतो, तापमान आणखी चढतं. चिकटवायच्या लवचीक पॅनेलचा गुणांक चांगला असला तरी त्याचा फायदा इथेच गळून जातो.

एक गोष्ट मात्र कॅडमियम टेल्युराइडच्या बाजूने खरी आहे आणि विक्रेते नेमकी तीच सांगत नाहीत. हवेतली वाफ सूर्यप्रकाशातला अवरक्त भाग शोषून घेते. सिलिकॉन त्या भागावरही वीज बनवतं, कॅडमियम टेल्युराइड त्यातला बराचसा भाग वापरतच नाही. त्यामुळे कोकण-गोव्यासारख्या दमट हवेत सिलिकॉनचं नुकसान तुलनेने जास्त होतं आणि थिन फिल्मला काही टक्क्यांचा लाभ मिळू शकतो. मेगावॅटच्या प्रकल्पात या टक्क्यांना मोल आहे. घराच्या गच्चीवर टाकीची सावली याच्या कितीतरी पट वीज खाते.

टप्पा ५: इन्व्हर्टरशी व्होल्टेज जुळवा

कोटेशनमध्ये पॅनेल बदलून इन्व्हर्टर तोच ठेवला, ही चूक महागात पडते. दोन्ही जातींची विजेची धाटणी पार वेगळी आहे. ५५० वॅटच्या मोनो पॅनेलचं खुलं व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेलं) साधारण ५० आणि प्रवाह १३ ते १४ अँपिअर. ४६० वॅटच्या कॅडमियम टेल्युराइडचं व्होल्टेज साधारण २२० आणि प्रवाह अवघा अडीच अँपिअर.

घरगुती सिंगल फेज इन्व्हर्टरची कमाल मर्यादा बहुधा ५५० किंवा ६०० व्होल्ट असते. आणि थंडीत व्होल्टेज वाढतं, हे विसरायचं नाही. निफाडला थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांखाली जातो. पहाटे पॅनेल ५ अंशांवर असताना सूर्य उगवला, तर २५ पेक्षा २० अंश कमी. व्होल्टेजचा गुणांक ०.२८ धरला तर वाढ ५.६ टक्के.

मोनोची ६ पॅनेलं एका माळेत, म्हणजे एकामागोमाग जोडून: ३०० चे साधारण ३१७ व्होल्ट. निर्धास्त. कॅडमियम टेल्युराइडची २: ४४० चे ४६५, चालेल. तीन जोडली तर ६६० चे ६९७, इन्व्हर्टर गेलाच, आणि अशा बिघाडाला वॉरंटी लागू होत नाही. म्हणजे थिन फिल्मच्या माळा दोन-दोनच्या करायच्या. सात पॅनेलं दोनात बसत नाहीत, तेव्हा सहा घ्या किंवा आठ. तीन-चार माळा समांतर आल्या की प्रत्येक माळेला डेटाशीटप्रमाणे फ्यूज, जास्त केबल, जास्त कनेक्टर. हा खर्च कोटेशनमध्ये दिसतोय का ते पाहा. नसेल तर विक्रेत्याने मोनोच्याच आराखड्यात पॅनेलचं नाव बदललं आहे.

काही थिन फिल्म पॅनेलना, विशेषतः जुन्या अमॉर्फस प्रकारांना, ऋण टोक अर्थ करावं लागतं. नाहीतर काचेवरचा विद्युतवाहक थर गंजतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये तसं अर्थिंग करताच येत नाही. पॅनेलच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये हा मुद्दा शोधा. वायरमनला तोंडी विचारू नका.

तपासणी: विक्रेत्याकडून एका कागदावर चार आकडे लेखी घ्या: माळेत किती पॅनेलं, किमान तापमानाला माळेचं व्होल्टेज, इन्व्हर्टरची कमाल मर्यादा, आणि सेल ७० अंशांवर असताना व्होल्टेज इन्व्हर्टरच्या एमपीपीटी पट्ट्यात (ज्या व्होल्टेजला तो पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज घेतो) राहतं की नाही.

टप्पा ६: वजन आणि वारा

‘थिन’ म्हणजे हलकं, असा समज आहे. काच-काच कॅडमियम टेल्युराइडचं वजन चौरस मीटरला १४ किलोच्या आसपास, साध्या मोनोचं सुमारे ११, दोन्हीकडून काच असलेल्या मोनोचं १२ ते १३. म्हणजे थर पातळ असला तरी पॅनेल जडच. खरोखर हलकी असतात ती फक्त लवचीक सीआयजीएस. जुन्या औद्योगिक गाळ्याचा पत्रा आणि कैच्या जादा भार घेत नसतील, तिथे या लवचीक थिन फिल्मचा विचार जरूर करा. किंबहुना छोट्या ग्राहकासाठी मला तरी हीच एक जागा पटते. त्यातही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि पत्र्याचं आयुष्य पॅनेलपेक्षा जास्त आहे ना, ते विचारा. गंजलेल्या पत्र्यावर पंचवीस वर्षांचं पॅनेल चिकटवण्यात अर्थ नाही.

किनारपट्टीवर निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर वाऱ्याचा मुद्दा वेगळा समजवायला नको. क्लॅम्प मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच हवेत. ‘जिथे चॅनेल आलं तिथे’ लावलेले चालत नाहीत, फ्रेम नसलेल्या काच-काच पॅनेलना तर मुळीच नाही, ती कडेवरच तडकतात. समुद्राजवळ आयईसी ६१७०१ हे खारट हवेचं प्रमाणपत्रही मागा.

टप्पा ७: प्रति वॅट विसरा, प्रति युनिट काढा

पॅनेलचा प्रति वॅट दर म्हणजे अर्धी किंमत. स्ट्रक्चर, केबल आणि मजुरी जागेच्या हिशेबाने वाढते. म्हणून सगळा खर्च एका बाजूला आणि पंचवीस वर्षांची वीज दुसऱ्या बाजूला ठेवा. महाराष्ट्रात सावली नसलेला एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. पावसाळा त्यात धरलेला आहे.

समजा, मोनोचं कोटेशन १,८०,०००, सबसिडी जाऊन १,०२,०००. थिन फिल्मचं १,६०,०००, सबसिडी नाही. दोन्हींत मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्याचे ३०,००० धरू. मोनो वर्षाला ४,२०० युनिट, थिन फिल्मला १०० जास्त देऊ. वर्षागणिक घट धरून सरासरी ९३ टक्के. मोनो: १,३२,००० भागिले ९७,६५०, म्हणजे युनिटमागे १ रुपया ३५ पैसे. थिन फिल्म: १,९०,००० भागिले ९९,९७५, म्हणजे १ रुपया ९० पैसे. पहिल्या नजरेला स्वस्त वाटलेलं कोटेशन महाग निघालं. यातले भाव उदाहरणापुरते आहेत, तुमचे आकडे घालून पुन्हा करा.

वॉरंटीत दोन आकडे बघा: पहिल्या वर्षाची घट आणि नंतरची दरवर्षीची. टॉपकॉनला १ आणि ०.४ टक्के असेल, पर्कला २ आणि ०.५५, तर पंचविसाव्या वर्षाअखेर पहिलं ८९.४ वर राहील, दुसरं ८४.८ वर.

टप्पा ८: माल आला की

ट्रक उभा असतानाच मॉडेल क्रमांक कोटेशनशी ताडून घ्या. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक लिहा आणि त्या अनुक्रमांकाचा फ्लॅश टेस्ट अहवाल (कारखान्यात मोजलेले वॅट) मागा. काच-काच पॅनेल आडवं रचून ठेवू देऊ नका, कोपऱ्यावर टेकवूही देऊ नका. पॅनेलवर पाय देऊन चालणारा माणूस दिसला की काम थांबवा. मोनोत त्याने पडलेले तडे वर्षभराने बिलात दिसतात.

पहिल्या काही महिन्यांचे आकडे वाचतानाही सावध राहा. अमॉर्फस पॅनेल सुरुवातीला लिहिल्यापेक्षा जास्त वीज देतं आणि उन्हात मुरल्यावर खाली येऊन स्थिरावतं. ‘बघा, किती जास्त देतंय’ असं पहिल्या महिन्यात कोणी म्हटलं तर ऐकून घ्या, पण उरलेला हप्ता त्यावर देऊन टाकू नका. उलट मोनो पहिल्या वर्षी एखाद-दोन टक्के उतरलं तर तक्रारीचं कारण नाही. निम्म्यावर आलं, तर मात्र आधी धूळ आणि सावली बघा, मग माळेचं कनेक्शन.

फुटलेलं पॅनेल भंगारवाल्याला देऊ नका. कॅडमियम टेल्युराइडच्या थिन फिल्ममध्ये कॅडमियम आहे, मोनोच्या सोल्डरमध्ये बहुधा शिसं. ई-कचरा नियम २०२२ मध्ये सौर पॅनेलही येतात. उत्पादक परत घेणार का, हे खरेदीच्या कागदावर लिहून घ्या. आणि फुटलेलं पॅनेल उन्हात वीज बनवतच असतं. डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद केला तरी पॅनेल ते आयसोलेटर या केबलमध्ये व्होल्टेज राहतं, तेव्हा रबरी हातमोजे घालून, वर जाड ताडपत्री टाकूनच त्याला हात लावू द्या, तोही प्रशिक्षित माणसालाच.